वैनींचा गुरुवार

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. ह्यांच्याजवळ नाही, बहिणीजवळ नाही. देवापुढे बसल्यावर मनात आलं तर पटकन डोळे उघडते आणि उदबत्ती नीट करते. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही आमच्या वाडीत राहत नाही, म्हणून असेल.

वैनी म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. दीर तरुणपणीच गेले, मूलबाळ नाही. सासूबाई त्याआधीच गेलेल्या, त्यामुळे ह्यांना लहानाचं मोठं केलं ते वैनींनी. ह्यांचं ऐकून मीही त्यांना वैनीच म्हणू लागले. हे बोटीवर नोकरीला. पावसच्या रस्त्याला आमचं घर, आंब्याची चार कलमं, आणि घरात आम्ही दोघी.

आमच्या लग्नाचा वाढदिवस डिसेंबरात येतो. हे कधीच घरी नसायचे. पण वैनी तो दिवस सोडायच्या नाहीत. सकाळीच कोळणीशी भांडून सरंगा घ्यायच्या, मला लग्नातला शालू नेसायला लावायच्या, मोबाइलवर फोटो काढून ह्यांना पाठवायच्या. फोटोत माझं डोकं हमखास कापलेलं असायचं, मासळीचं ताट मात्र अख्खं! मग आम्ही जेवायला बसायचो. मासे म्हणजे वैनींचा जीव की प्राण. डोक्याचा तुकडा त्या अशा आवाज करत चोखायच्या, की मी हसून हसून जेवायची थांबायचे. किती सुखाचे होते ते दिवस — तेव्हा मला ते सुख वाटायचं का? नाही. मला वाटायचं, नवरा सोडून जावेबरोबर वाढदिवस करणारी मीच एक.

मग एका वर्षी ह्यांना डिसेंबरात सुट्टी मिळाली. फोनवर म्हणाले, ‘‘हॉटेल तू ठरव. झकास ठरव.’’

मी काय ठरवलं असेल? रत्नागिरीत शांत, घरगुती जागा होत्या की. पण मला गर्दी हवी होती. समुद्राच्या अंगाला एक नवं, महागडं हॉटेल झालं होतं — मोठाल्या काचा, रंगीत दिवे, संध्याकाळी गिटार घेऊन गाणारा माणूस. त्याचे फोटो मी रोज बघत बसायचे. बायका कशा नेसून आल्यात, काट्याचमच्याने कशा खातायत. मला तिथे ह्यांच्या शेजारी बसायचं होतं आणि लोकांनी बघायला हवं होतं. एवढी साधी हौस. इथवर माझं काही चुकलं असं मला अजूनही वाटत नाही.

घरी आल्यावर हे म्हणाले, ‘‘तिघांचं टेबल सांगितलंस ना?’’

मी हो म्हटलं. सांगितलं होतं दोघांचं.

का? बरीच वर्षं मी स्वतःला समजावलं, की इतक्या दिवसांनी नवरा भेटला, दोन घटका एकांत हवा होता. पण एकांत हवा असलेली बाई इतकं गजबजलेलं हॉटेल शोधते का? खरं सांगते. मला वैनींची लाज वाटली. त्या तिथे बोटं चाटतील, वेटरला ‘‘ए बाबा, अजून भात आन’’ म्हणून हाक मारतील, माशाचं डोकं चोखतील — आणि बाकीच्या टेबलांवरून लोक आमच्याकडे वळून बघतील. ज्या आवाजाला मी घरी हसायचे, त्याच आवाजाची लाज.

त्या दिवशी गुरुवार होता. संध्याकाळी हे गाडी पुसत होते. वैनी बाहेर आल्या. ठेवणीतली इरकल, मानेवर पावडर, हातात माझीच जुनी पर्स. कधीपासून तयार होऊन बसल्या होत्या कोण जाणे. आणि मी, त्यांच्यासमोर, ह्यांना म्हटलं, ‘‘अहो, वैनी कशा येतील? त्यांचा गुरुवार असतो ना.’’

कसला गुरुवार! वैनींनी जन्मात वार पाळला नव्हता. पण वर्षातले बरेच महिने बोटीवर असणाऱ्या माणसाला घरातले उपासतापास काय ठाऊक?

हे गोंधळले. ‘‘वैनी, तू कधीपासून गुरुवार करायला लागलीस?’’

वैनींनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. माझ्या हातून दूध उतू गेलं की बघायच्या, तसं. मग म्हणाल्या, ‘‘झाले की रे बरेच दिस. तू बोटीवर, तुला कसं कळणार? जावा तुम्ही दोघं. मासळीच्या हाटेलात मी काय करू येऊन?’’ आणि पदराने मानेवरची पावडर पुसत आत गेल्या.

आम्ही गेलो. गाणाऱ्याने माइकवरून आमची नावं घेतली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी लाजले, हसले, पोटभर जेवले. हेही सांगायलाच हवं — मला तिथे फार मजा आली.

पुढच्या गुरुवारी ह्यांनी मासे आणले. वैनी वरणभात जेवल्या. मला वाटलं, हे आहेत तोवर निभावून नेतायत. हे बोटीवर गेले. त्यानंतरच्या गुरुवारी घरात आम्ही दोघीच. मी बांगडे तळले, त्यांच्या पानात वाढले. त्यांनी बांगडा उचलून माझ्या ताटात ठेवला.

‘‘माझा गुरवार हाय गो.’’

घरात तिसरं कुणी नव्हतं. मग तो गुरुवार त्या कुणासाठी पाळत होत्या? माझं खोटं कधी उघडं पडू नये, म्हणून? की मला दर आठवड्याला आठवावं, म्हणून? मी विचारलं नाही. तेव्हा नाही, नंतरही नाही.

आता हे नोकरी सोडून कायमचे घरी आलेत. वैनी थकल्यात, पण गुरुवार चालू आहे. परवाही होता. शेजारचे कुणी जेवायला आले होते, त्यांना हे कौतुकाने सांगत होते, ‘‘आमच्या वैनीचा गुरुवार कधी चुकत नाही. श्रद्धा लागते त्याला.’’

वैनी म्हणाल्या, ‘‘श्रद्धा कसली? सवय झाली.’’

मी त्यांना वरण वाढलं. मग माझ्या जागेवर बसले आणि माझ्या ताटातला बांगडा खाल्ला.