मोठ्या सिस्टरांची एक महिन्याची रजा

आमच्या वॉर्डच्या मोठ्या सिस्टरांना पाठीमागं सगळे ‘हळूबाई’ म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना काही वाटत नसे. नोकरीला लागल्या तेव्हा त्यांना अपघात विभागात टाकलं होतं. तिथं यांचं एका माणसाला सलाइन लावून होईपर्यंत बाकीच्या जणी चार माणसं आटपून मोकळ्या व्हायच्या. डॉक्टर वैतागले. दोनदा बदली झाली आणि शेवटी त्यांना व्हरांड्याच्या टोकाला असलेल्या आठ खाटांच्या वॉर्डात धाडलं. बरं होण्याची आशा संपलेली माणसं तिथं येतात.

तिथं मात्र हळूपणाचं सोनं झालं. मी तिथं नर्स म्हणून नवीन होते तेव्हाची गोष्ट. एक म्हातारा गवंडी कुणाला अंगाला हात लावू देत नव्हता. पाणी म्हटलं की शिव्या. मोठ्या सिस्टर कोमट पाण्याची वाटी घेऊन त्याच्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, “बाबा, नुसती बोटं बुडवा. आवडलं नाही तर काढा.” अर्धा तास त्या त्याची नखं साफ करत होत्या. नखांत चुना तर आता कुठला असणार, पण म्हातारा तोवर आपण बांधलेल्या घरांबद्दल बोलायला लागला होता. त्यानंतर रोज मुकाट्यानं अंग पुसून घेऊ लागला.

नातेवाइकांशी बोलायचं कामही त्यांचंच. “खायला घाला हो काहीतरी,” असा कुणी हट्ट धरला की त्या त्याला खुर्ची देत, आपण स्टूल ओढून घेत आणि सांगत, “जेवत नाही म्हणून माणूस जात नसतो. माणूस निघालाय, म्हणून त्याची भूक गेलीय.” हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पन्नासदा तरी ऐकलं असेल.

मग त्यांच्या ताईंचं दुखणं निघालं. आई लवकर गेल्यावर आठ वर्षांनी मोठ्या असलेल्या या ताईंनीच सिस्टरांना वाढवलं होतं. शिवणकाम करून त्यांना नर्सिंग शिकवलं आणि स्वतः लग्न केलं नाही. दुखणं पोटातलं, कळलं तेव्हा हाताबाहेर गेलेलं. ताईंनी दवाखान्यात राहायला साफ नकार दिला. सिस्टरांनी त्यांना घरी आणलं, बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी खाट टाकली आणि एक महिन्याची रजा काढली. एवढ्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच लांब रजा घेतली होती.

दहा-बारा दिवसांनी वॉर्डातल्या मावशी आणि मी दुपारी भेटायला गेलो. मावशी म्हणजे तिथं झाडण्या-पुसण्यापासून रडणाऱ्याला धरण्यापर्यंत सगळं करणारी आमची जुनी बाई. दार सिस्टरांच्या मिस्टरांनी उघडलं. गणिताचे मास्तर, बोलणं बेताचंच. त्यांनी नुसतं आत बोट दाखवलं आणि चहा टाकायला गेले.

आत हळूबाईंचा पत्ताच नव्हता. दर तासाची नोंद करायला वही, डोक्याशी थर्मामीटर, आणि सिस्टर घाईघाईनं ताईंच्या ओठांशी पेजेचा चमचा लावताहेत. ताई मान फिरवत होत्या, सिस्टर चमचा फिरवत होत्या.

“एवढा एकच,” सिस्टर म्हणाल्या.

“छोटे, हे सातवं एकच आहे,” ताई म्हणाल्या. “तू माझी बहीण आहेस की ड्यूटीवर आहेस?”

पेज ताईंच्या हनुवटीवरून ओघळली. मावशींनी पदरानं ती टिपली आणि शांतपणे विचारलं, “सिस्टर, तुम्ही वॉर्डात लोकांना काय सांगता?”

सिस्टर चमचा पुन्हा पेजेत बुडवू लागल्या.

“सांगा की. एरवी तर पाठ आहे तुम्हाला.”

“माणूस निघालाय,” सिस्टर म्हणाल्या, आणि पुढचं त्यांना म्हणता येईना. त्यांनी वाटी खाली ठेवली. ताईंनी डोळे मिटून सुस्कारा सोडला, पाहुणे एकदाचे गेल्यावर सोडावा तसा.

मावशींनी तिथंच ठरवून टाकलं. “ही पोरगी सकाळी ड्यूटीला जाताना येईल आणि संध्याकाळी परतताना येईल. औषध, इंजेक्शन, जखम पुसणं, सगळं ती बघेल. वही तिच्याकडे द्या. तुम्ही नुसत्या बसा.” मला कुणी विचारलं नाही, पण मलाही तेच हवं होतं.

पहिले दोन दिवस सिस्टर माझ्या हाताकडे डोळे लावून उभ्या असत. तिसऱ्या दिवशी त्या खाटेवर ताईंच्या पायाशी बसल्या आणि पाय चेपू लागल्या. दोघींचं बोलणं सुरू झालं. कुठल्या फ्रॉकचा कुठला पडदा झाला होता, कोणत्या शेजारणीनं माप चुकीचं सांगून भांडण काढलं होतं, असलं काहीबाही.

असंच एका सकाळी मी ताईंच्या पाठीवरची, पडून पडून झालेली जखम पुसत होते आणि सिस्टर अचानक म्हणाल्या, “ताई, माझ्यामुळे तुझं लग्न राहिलं. चाळीस वर्षं मला ते टोचतंय.”

ताई कुशीवर होत्या, तोंड भिंतीकडे. “कोणाशी? त्या कापडवाल्याशी?”

“चांगलं स्थळ होतं. माझ्यासाठी तू नाही म्हणालीस.”

“अगं, तो दर वाक्याआधी घसा खाकरायचा. बघायला आला तेव्हा तासाभरात मी पन्नास मोजले. म्हटलं, आयुष्यभर हे ऐकायचं?” ताईंना दम लागला. मग पुढं म्हणाल्या, “बाबांना काय सांगणार? म्हटलं, छोटीला कोण बघेल. तू फार सोयीची पडलीस.”

सिस्टरांचे पाय चेपणारे हात थांबले. “मग इतक्या वर्षांत बोलली का नाहीस?”

“बोलले असते तर तू पाय चेपले असतेस?”

सिस्टरांना हसू आलं. आधी बारीक, मग आवरेना. पोट धरून त्या खाटेच्या कडेला वाकल्या. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी हसणं थांबेना. मास्तर काय झालं म्हणून आतून धावत आले. “मला शिवणकाम आवडायचं रे बाबा,” ताईंनी त्यांना सांगितलं, “आणि माझं माझं राहायला आवडायचं. हिला उगीच ओझं.” त्या दिवसापासून सिस्टरांच्या खांद्यांची ठेवणसुद्धा मला बदललेली दिसली.

पुढं आठवडाभरात ताई गेल्या. सकाळचे सात वाजले होते, खिडकी उघडी होती. दोन श्वासांतलं अंतर वाढत गेलं आणि पुढचा श्वास आलाच नाही. मी पुढं झाले तशी सिस्टर म्हणाल्या, “राहू दे. हे मी करते.” त्यांनी ताईंचं अंग पुसलं, केस विंचरले, प्रत्येक बोट निराळं धरून कोरडं केलं. तासभर लागला.

रजा संपल्यावर त्या कामावर आल्या. आल्या त्याच आठवड्यात तीन नंबरच्या खाटेवरची बाई दुपारी वारली. तिचा नवरा कुलपांचं दुकान चालवायचा. दोन वर्षं त्यानं तिचं सगळं केलं होतं. व्हरांड्यातल्या बाकावर तो कोरड्या डोळ्यांनी बसला होता. सिस्टर शेजारी जाऊन बसल्या.

तो म्हणाला, “सगळे म्हणतात, सुटली बिचारी. पण सिस्टर, खरं सांगू? आधी मलाच सुटल्यासारखं वाटलं. मी माणूस आहे का कोण आहे?”

पूर्वी सिस्टरांनी त्याला धीराचे चार शब्द सांगितले असते. आता त्या म्हणाल्या, “मागच्या महिन्यात माझी बहीण गेली. तिनंच मला वाढवलं. ती गेली त्या संध्याकाळी मी अंथरुणावर पडले ती दुसऱ्या दिवशी दुपारी उठले. महिन्यात पहिल्यांदा झोपले. उठल्यावर इतकं हलकं वाटलं की मला माझीच लाज वाटली.”

“मग?”

“मग मिस्टरांना सांगितलं. ते म्हणाले, त्यांनाही तसंच वाटलं होतं, पण मला सांगायला भीत होते.”

कुलपवाला पहिल्यांदा सरळ बसला. चेहऱ्यावरचा ताण थोडा उतरला. “आणि रडू?” त्यानं विचारलं.

“येईल. कधी ते सांगता येत नाही. मला भेंडी निवडताना आलं, भर बाजारात. भाजीवाल्यानं मला स्वतःचं स्टूल दिलं आणि बाकीच्या गिऱ्हाइकांना म्हणाला, ‘जरा थांबा, बाईंचं चाललंय.’”

कुलपवाला किंचित हसला. मग रुमाल शोधू लागला.