शेजारील आकृती पहा

फुकटात केलेल्या कामातून पुढे नोकरी लागते का, असं कोणी विचारलं तर मी हो म्हणते. मला स्वतःला तशीच लागली. पण त्यावर कोणी लगेच "मग नोकरीसाठी असं काम धरायलाच हवं" म्हणालं, की माझं डोकं फिरतं. मी ते नोकरीसाठी धरलंच नव्हतं. बी.ए. झालं होतं, टायपिंग झालं होतं आणि घरात बसून वीट आला होता, इतकंच.

तेव्हा आम्ही नागपुरात, नंदनवन वस्तीत राहायचो. रामदासपेठेत एका बंगल्याच्या मागच्या खोलीत काही बायका आंधळ्या विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून कॅसेटी भरत. त्या कॅसेटी टपालानं गावोगाव जात. ऐकणारा कोण, कुठला, दिसतो कसा, आम्हाला काही माहीत नसायचं. मीही जाऊ लागले. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून भिंतींना गाद्या लावलेल्या, आणि पंखा बंद, कारण त्याची घरघर टेपमध्ये यायची. नागपुरात मे महिन्यात पंखा बंद करून जीवशास्त्र वाचून पाहा एकदा!

बाबा कळमन्याच्या बाजारात धान्याच्या अडतीत मुनीम होते. दिवसभर लिलावाचा गलका ऐकून आले की घरात त्यांना कोणाचाच आवाज नको असायचा. तरी मला डिवचल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे.

"काहून वं, आजही गेलती का त्या डबड्यात बोलाले?"

"गेली होती."

"आमच्या इथं हमालालेही पोत्यामागं पैसे भेटते. तुले काय भेटते?"

"एकदा ऐकून तर पाहा, बाबा."

"मले का परीक्षा द्याची आहे?"

तळपायाची आग मस्तकात जायची माझ्या. पण त्यांचं चुकत होतं असंही नाही. धान्याच्या धुळीनं त्यांना दमा जडला होता. डॉक्टरांनी अडत सोडा म्हणून बजावलं होतं, आणि मी एकुलती एक. मला नोकरी लागल्याशिवाय ते कळमना सोडू शकत नव्हते. रात्री त्यांच्या छातीची शिटी मला माझ्या खोलीत ऐकू यायची. मी अर्ज करत सुटले होते. जिथे जावं तिथे एकच विचारत, अनुभव काय? आता अनुभव का बाजारात मिळतो?

अशात काटोलकडच्या एका खेड्यातून मी भरलेली एक कॅसेट परत आली. लावून पाहिली तर त्यात एका माणसाचा आवाज. लहानपणी देवीत डोळे गेलेला, आता मोठेपणी बाहेरून मॅट्रिकला बसत होता.

"बाई, तुम्ही वाचता झकास," तो म्हणाला. "पण 'शेजारील आकृती पहा' म्हणता अन् तशाच पुढं निघून जाता. मी कुठं पाहू जी?"

खोलीतल्या बायका पोट धरून हसल्या. मीही हसले, पण कानशिलं तापली होती. पुस्तकात आहे ते जसंच्या तसं वाचायचं, एक अक्षर इकडचं तिकडे करायचं नाही, असा आमचा नेम. आंधळ्या माणसाला आकृती पहा म्हणतो आहोत, हे इतक्या जणींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं. बाप्पा!

मी हृदयाचा तो पाठ पुन्हा भरला. आकृती आली तिथे म्हटलं, "मूठ वळा. तुमचं हृदय साधारण एवढं. आता या मुठीत चार खोल्या आहेत असं समजा, दोन वर, दोन खाली." तेव्हापासून मला खोडच लागली. काहीही सांगायचं तर आधी समोरच्याच्या हाताला काय लागतं, कानाला काय ऐकू येतं, तिथून सुरुवात.

पुढे रामदासपेठेतच एका खाजगी दवाखान्यात टेलिफोन ऑपरेटरची जागा निघाली. मुलाखतीला मोठे डॉक्टर स्वतः बसले होते.

"याआधी कुठे काम केलंय?"

"कुठे नाही. कॅसेटी भरते, फुकट."

त्यांनी माझा अर्ज बाजूला सरकवला. संपलं, असं मला वाटलं. मग जाता जाता विचारावं तसं ते म्हणाले, "समजा, खेड्यातला एक माणूस पेशंट घेऊन स्टेशनावर उतरलाय. त्यानं फोन केला. त्याला इथला रस्ता सांगा पाहू."

"आधी स्टेशनाकडे पाठ करून उभे राहा," मी सुरू झाले. "रिक्षावाल्याला म्हणा, बर्डीवरून रामदासपेठ. बर्डीच्या बाजारात फेरीवाल्यांचा ओरडा येईल, रसवंतीचे घुंगरू वाजतील. ते मागे पडले आणि रस्ता शांत झाला की रामदासपेठ आली समजा. फिनाइलचा वास आला की उतरा."

डॉक्टर मोठ्यानं हसले. "अहो बाई, तो माणूस आंधळा नाहीये!"

माझी सटकली. "नसू द्या ना! घरचं माणूस आडवं घेऊन येणाऱ्याला डोळे असून तरी काय दिसतं, डॉक्टर?"

हे बोलले आणि लगेच जीभ चावली. गेली नोकरी, बाबा पुन्हा त्या धुळीत. डॉक्टर हसायचे थांबले. मग सरकवलेला अर्ज त्यांनी पुन्हा समोर ओढला आणि म्हणाले, "सोमवारपासून या."

घरी सांगितलं तेव्हा बाबा नुसते "बरं" म्हणाले आणि वरण वाढून घेतलं. मला फार वाईट वाटलं. एखादा तरी चांगला शब्द काढायला काय जात होतं त्यांचं?

सोमवारी दुपारी बोर्डावर एक फोन आला.

"हॅलो, दवाखाना. कोण हवंय?"

कोणी बोलेना. मागे लिलावाचा गलका चालला होता, आणि त्या गलक्यातही मला ती छातीची शिटी ऐकू आली.

"बाबा? काय झालं? त्रास होऊन राहिला का?"

"काही नाही वं. शेठले सांगून टाकलं, दिवाळीनंतर येत नाही म्हनून. त्याचाच फोन आहे. म्हटलं, तुहा आवाज कसा येते ते पाहू."

"कसा येते?"

गलका जरा लांब गेला; ते फोन ओढून आडोशाला सरकले असावेत.

"साफ येते," बाबा म्हणाले. "ठेव आता. खरंच कोनी बिमार मानूस लावत असन."