वटवटे मुके झाले ती दोन वर्षं

परभणीकडं डोंगर म्हणजे जिंतूरच्या बाजूच्या टेकड्या. त्यांना कुणी टेकड्या म्हटलं तर आम्हाला राग येतो. तिथल्या सागाच्या रानात हिवाळ्यात वटवटे येतात. अंगठ्याएवढे मळकट हिरवे पक्षी, दोन-तीन जातींचे, पण सगळे एकाच ताग्यातून कापल्यासारखे. दुर्बिणीनं काही कळत नाही. खरी ओळख आवाजावरून: एक जात ‘चि-स्ली’ असं दोन तुकड्यांत बोलते, दुसरी एका दमात ‘च्वीट’. एवढ्या विद्येवर मी वीस वर्षं जिल्हाभर पक्षीवाले सर म्हणून मिरवलो.

गेली दोन वर्षं मात्र रान गप्प झालं. कारण मला लगेच सापडलं: फवारणी. वटवटे संपत चाललेत, असं मी शाळाशाळांतून सांगितलं, वर्तमानपत्रात पत्रही लिहिलं. लोकही हळहळले. घरी बायको म्हणायची, धुण्याचं मशीन पिक्‌पिक् करत राहतं तरी तुम्ही उठत नाही. मी म्हणायचो, मशीन बिघडलंय, मिस्त्रीला दाखव.

या हिवाळ्यात ती पहिल्यांदाच सोबत आली, तेही डॉक्टरांनी गुडघ्यासाठी चालायला सांगितलं म्हणून. एका सागाखाली बसून मी तिला मुक्या रानावरचं तेच भाषण ऐकवत होतो. तिनं वर पाहिलं.

“अहो, वरडायलेत की. लय वरडायलेत. तुमाला न्हाई का ऐकू येत?”

मी दुर्बीण लावली. वरच्या पक्ष्याची चोच उघडत होती, मिटत होती. आवाज काही नाही. आधी त्या पत्राची लाज वाटली. मग लक्षात आलं की वयानं कानातले बारीक आवाज गेलेत, आता हे पक्षी मला कधीच ऐकू येणार नाहीत, आणि रडू आलं.

तिनं ते पाहिलं आणि एकही टोमणा मारला नाही. आमच्या संसारात हे नवलच. पक्ष्यांच्या नोंदवहीत काय लिहायचं, एवढंच विचारलं. मी म्हणालो, आवाज कसा आहे ते सांग. आजूबाजूला कुणी नाही ना, हे तिनं पाहून घेतलं आणि आपल्या भरड आवाजात म्हणाली, “चि-स्ली.”

मी जात लिहिली.

“आनखी एकदा म्हणू का?”

मला स्वच्छ ऐकू आलं होतं. तरी म्हणालो, म्हण, नीट कळलं नाही.