रविवारचं सेमिनार

कॉलेजचं पहिलं वर्ष सुरू झालं तेव्हा मी दुबईच्या डिस्कव्हरी गार्डन्समधल्या एका फ्लॅटमध्ये राहायला आले. खोलीत माझ्याबरोबर शिलाँगची एक नर्स होती. ती दर रविवारी सकाळी इस्त्रीचे कपडे घालून बाहेर पडायची आणि दुपारी येताना केकचा तुकडा आणायची. दोन महिने केक खाल्ल्यावर, तू जातेस कुठे, असं विचारणं मला भागच होतं.

“प्रेअर को. युनिटेरियन लोग हैं,” ती म्हणाली. “चल एक दिन.”

मला समजलं ते असं. ख्रिस्ती लोकांमधला हा एक जुना पंथ. देव एकच आहे, एवढंच धरून तो निघाला. पुढे त्यातल्या बऱ्याच जणांनी तेही ज्याच्या त्याच्यावर सोपवलं. नर्सच्या गावच्या डोंगरात तिच्या पणजीपासून सगळे हेच मानतात, त्यामुळे तिला यात काही विशेष वाटत नव्हतं. मला मात्र वाटत होतं. मी पहिल्यांदा गेले ती केकच्या भिडेखातर, हे इथे कबूल केलेलं बरं.

बर दुबईत कापडाच्या दुकानांच्या वर डान्स क्लासची एक खोली आहे. ती रविवारी सकाळी दोन तास भाड्याने मिळते. एका भिंतीला पूर्ण आरसा आहे, त्यामुळे बारा माणसं आली की चोवीस दिसतात. मधे टेबलावर मातीचा एक मोठा पेला असतो. त्यात खरं तर ज्योत लावायची, पण खोलीत काडी ओढायला मनाई आहे, म्हणून बॅटरीवरचा दिवा ठेवतात. एक म्हाताऱ्या इंग्रज बाई, पूर्वी शाळेत शिकवायच्या, त्या दिव्याचं बटण दाबतात आणि प्रार्थना सुरू होते. मग झेरॉक्स कागदांवरून एक गाणं. मग खडे.

खड्यांचं मला पहिल्या दिवसापासून आवडलं. काचेच्या भांड्यात पाणी असतं. ज्याला काही आनंदाचं किंवा दुःखाचं सांगायचं असेल, त्याने उठायचं, ते सांगायचं आणि एक खडा पाण्यात सोडायचा. त्यावर कोणी काही बोलायचं नाही. सल्ला नाही, चूक काढणं नाही, अरेरे सुद्धा नाही. आमच्या घरी कोणी एक वाक्य बोललं की त्यावर चार जणांची मतं येतात, त्यामुळे मला हे सगळं फार श्रीमंतीचं वाटलं.

घरी, म्हणजे दुबईहून तासाभरावर रास अल खैमाला, मी हे सांगितलं नाही. आईचा फोन आला, रविवारी फोन का उचलत नाहीस, तेव्हा तोंडातून निघालं, “सेमिनार असतं.” ख्रिस्ती हा शब्द काढला असता तर तो संध्याकाळपर्यंत चिपळूणला पोचला असता आणि दुसऱ्या दिवशी मामा विमानात बसला असता. सेमिनार या शब्दाला आमच्याकडे कोणी हात लावत नाही. ते काय असतं हे कोणाला माहीत नाही, कारण घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच.

उन्हाळ्यात इथे शाळा बंद होतात आणि सगळे आपापल्या गावी जातात. प्रार्थनेलाही माणसं उरत नाहीत. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये प्रवचनाऐवजी उरलेल्यांपैकी एकेकाने बोलायचं, अशी तिथली रीत आहे. खारफुटीवर एक भाषण झालं, झोपेवर एक झालं. मग बाई माझ्याकडे वळल्या.

“पुढच्या रविवारी तू.”

“कशावर?”

“तुला जे खरं वाटतं त्यावर. पंधरा मिनिटं.”

“डरो मत,” आमच्यातले मल्याळी अकाउंटंट अंकल म्हणाले. “हम लोग बाद में सिर्फ सवाल पूछेंगे.”

मी ‘घरातली पहिली’ असं नाव देऊन इंग्रजीत चार पानं लिहिली.

त्याच आठवड्यात पप्पांचा फोन आला. पप्पा रास अल खैमाला सिरॅमिकच्या कारखान्यात भट्टीवर फोरमन आहेत. आई आणि धाकटा भाऊ चिपळूणला गेलेले, रविवारची सुट्टी, घरात एकटे.

“तुझ्या सेमिनारला येतो या वेळी,” ते म्हणाले.

“पप्पा, ऊन केवढं आहे.”

“गाडीला एसी आहे.”

“सगळं इंग्लिशमध्ये असतं.”

“असू दे की. मी नुसता बसेन. तू कधी बोलतेस का त्यात?”

मी म्हणाले, या रविवारी बोलणार आहे. का म्हणाले ते मला अजून कळलेलं नाही. कदाचित त्यांनी ऐकावं असं वाटत असेल. फोन ठेवल्यावर मला बारीक ताप आला.

इथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. पप्पा कुठेही चहा प्यायले की कप रिकामा करून उलटा करतात आणि बुडावरचा कारखान्याचा शिक्का वाचतात. हॉटेलात प्लेटही उलटी करतात. कधी बोटाने टकटक करून ऐकतात आणि वेटरला सांगतात, “ये जाएगा,” म्हणजे लवकरच तडकेल. कॉलेजच्या पहिल्या दिवशी आईवडिलांना बोलावलं होतं. नंतर कॅन्टीनमध्ये प्रोफेसर लोकांबरोबर चहा होता. मी पप्पांना सांगितलं की पालकांना बोलवत नाहीत. वर्ष होत आलं तरी त्यांनी माझं कॉलेज पाहिलेलं नव्हतं.

रविवारी ते पांढरा शर्ट घालून आले. जिन्यातच म्हणाले, “सिक्युरिटी नाही?” खोलीत आम्ही सात जण होतो, आरशात धरून चौदा. बाईंना पाहून पप्पा उभे राहिले. अंकलना पाहून उभे राहिले. नर्सला पाहूनही उभे राहिले. सगळे माझे प्रोफेसर आहेत असं ते धरून चालले होते आणि मी ते तसंच राहू दिलं. प्रार्थना संपली की गाडीत सांगेन, असं ठरवलं होतं. किंवा पुढच्या महिन्यात.

दिवा लागला. गाणं झालं, पप्पांनी कागद समोर धरून नुसते ओठ हलवले. मग खडे. अंकल म्हणाले, बायकोचा गुडघा आता बरा आहे, आणि खडा सोडला. नर्सने पप्पांना हळू आवाजात हिंदीत समजावलं की इथे असं असं करतात. पप्पा लगेच उठले. मला वाटलं पाणी प्यायला उठले.

“आज मेरी बेटी कॉलेज में लेक्चर दे रही है,” ते म्हणाले. “मैं दसवीं पास. थँक्यू.”

आणि त्यांनी खडा अगदी वाकून, आवाज न करता पाण्यात सोडला.

रीतीप्रमाणे कोणी काही बोललं नाही. अंकलनी तोंड उघडलं, पण रीत आठवून मिटलं. मी मान फिरवली तर समोर आरसा होता, त्यात सगळे माझ्याकडेच बघत होते.

मग माझं भाषण. पहिली दोन पानं मी बरी वाचली. तिसऱ्या पानावर एक वाक्य होतं, माझे वडील कामात असतात म्हणून त्यांना अजून माझं कॉलेज बघता आलेलं नाही. लिहिताना ते चांगलं वाटलं होतं. आता माझे वडील चार फुटांवर बसले होते आणि कामात नव्हते. फादर आणि बिझी एवढं इंग्रजी त्यांना येतं.

मी थांबले. मग मराठीत बोलले.

“पप्पा, हे कॉलेज नाही. हे लोक इथे प्रार्थना करतात, मी दर रविवारी येते. सेमिनार नसतं. आणि पहिल्या दिवशी कॉलेजात आईवडिलांना बोलावलं होतं. मी तुम्हाला खोटं सांगितलं. तुम्ही सगळ्यांसमोर कप उलटा करून बघाल म्हणून.”

पप्पांनी पाण्याच्या भांड्याकडे पाहिलं.

“बरं,” ते म्हणाले.

“क्या बोला?” अंकलना राहवलं नाही.

पप्पा त्यांच्याकडे वळले. “बोल रही है, ये कॉलेज नहीं है.”

“वो तो नहीं है.”

“और असली कॉलेज में मेरे को बुलाया था, इसने बताया नहीं.”

कपाचं त्यांनी सांगितलं नाही.

मी तिसरं पान सोडून चौथं वाचलं. त्यात शिक्षणाबद्दल बरंच काही होतं. नंतर बाईंनी विचारलं, कोणाला काही प्रश्न? पप्पांनी शाळेसारखा हात वर केला.

“कॉलेज सोमवारी किती वाजता उघडतं?”

“आठला. समर क्लास आहे.”

“मग उद्याची रजा टाकतो.”

अंकलनी याचा अर्थ विचारून घेतला आणि म्हणाले, हा प्रश्न विषयाला धरून नाही.

शेवटी चहा आणि केक. पप्पांनी चहा संपवला आणि कप जसाच्या तसा, सरळ, बशीत ठेवला. मग हात मांडीवर घेऊन बसले. मी तो कप बघत राहिले. त्यांना कोणी केकही विचारला, तर ते नको म्हणाले.

गाडीत बसल्यावर पप्पांनी विचारलं. “त्यांनी तुला धर्म बदलायला सांगितलं का?”

“नाही. काय मानायचं हेच ते सांगत नाहीत.”

“मग करता काय दर रविवारी?”

“बसतो. ऐकतो.”

“हं.” सिग्नल लागला. “मला आरसे बघून वाटलं, डान्सचं कॉलेज घेतलंस की काय.”

“आईला सांगू?”

“सांग. खरं तेच सांग. पण ती परत आल्यावर.”

त्या रात्री ते रास अल खैमाला परत गेले नाहीत, दुबईतच देरा भागात मित्राकडे राहिले. सोमवारी पावणेआठला ते कॉलेजच्या गेटवर उभे होते, पुन्हा पांढराच शर्ट, बहुतेक मित्राचा. सिक्युरिटीने त्यांच्याकडे एमिरेट्स आयडी मागितलं. ते त्यांनी समाधानाने दिलं. मी त्यांना लायब्ररी दाखवली, लॅब दाखवली, समोरून आलेल्या माझ्या मॅडमना हे माझे वडील म्हणून सांगितलं. मॅडमनी हात पुढे केला. पप्पांनी आधी आपला हात पँटला पुसला.

मग आम्ही कॅन्टीनमध्ये गेलो. आमच्या कॅन्टीनमध्ये चहा कागदी कपात मिळतो. पहिल्या दिवशीही तसाच होता. हे मला वर्षभर माहीत होतं.

पप्पांनी चहा संपवला. माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, “बघा ना.”

त्यांनी कप उलटा करून बघितला. खाली काही लिहिलेलं नव्हतं.