लोण्याचं बोट

"आबा, सकाळी टाकीत हात घातल्ता का?"

"हात न्हाई, बोट. पानी कोमट हाय का बघितलं नुसतं."

"बोट काय शेजाऱ्याचं हुतं व्हय?"

सूर्यभाननं बोट धोतराला पुसलं. सून ज्ञानेश्वरी बोलायला फटकळ.

कोल्हारच्या मळ्यात, गोठ्याच्या अर्ध्या भागात तिनं समुद्र मांडलेला. पिंपात मीठ कालवून केलेलं पाणी, काचेच्या टाक्या अन् नारिंगी क्लाऊनफिश माशांची एक जोडी. मादी टाकीतल्या मातीच्या कुंडीला अंडी चिकटवायची. नर आठवडाभर परांनी पाणी हलवत राखण करायचा. मादी मेली की हाच नर मादी होतो, हे ऐकल्यावर सूर्यभाननं पारावर ब्र काढला नव्हता. लोकांनी वेड्यात काढलं असतं.

पण पिल्लं टिकत नव्हती. अंड्यात रुपेरी डोळे दिसायचे, अंडी फुटायची, काचेसारखी पिल्लं टाकीभर थरथरायची आणि चौथ्या दिवशी तळाला मेलेल्या पिल्लांची नुसती राख. दोन खेपा अशाच गेल्या. तिसरीही गेली तर टाक्या काढायच्या, असं तिनंच घरात कबूल केलेलं. आज तिसऱ्या खेपेचा आठवा दिवस होता. अंगावर पांढरा पट्टा उमटला की पिल्लू तगलं.

तिनं बॅटरी तिरपी धरली. पाण्यावर तेलकट साय चकाकत होती आणि पिल्लं वर येऊन धापा टाकत होती.

"काल न्हवती ही."

काल सूर्यभानही नव्हता. आठ दिवस तो काष्टीला लेकीकडं होता, धार मुलगा रविराज काढायचा. आज पहाटे परतून सूर्यभाननंच धार काढली होती. म्हाताऱ्यानं हात हुंगला. धारेआधी गाईच्या सडांना लोणी चोळायची त्याची बापापासूनची सवय. आणि धार झाली की जिवाला चैन नसायची, तडक टाकीत बोट बुडवून बघायला यायचा.

"पोरी, आधीच्या दोन्ही खेपा म्याच मारल्या."

"मग आता हुबं काय ऱ्हाताय? कोरा कागद आना."

कागद पाण्यावर टेकवायचा, साय चिकटली की उचलायचा. सून टेकवत होती. सूर्यभान लांबूनच कागद पुरवत येरझाऱ्या घालत होता. दहा झाले, वीस झाले.

"मेली का गं?"

"दम धरा की!"

ऊन कलल्यावर ती काचेला नाक लावून थांबली. "आबा, हिकडं या. हात मागं बांधून."

तळाशी तिळाएवढं पिल्लू पोहत होतं. डोक्यामागं पांढरी रेघ.

"एकच हाय?"

"आज एक."

गाय हंबरली. सूर्यभाननं बादली उचलली, सडांना लोणी चोळलं आणि पहिल्यांदाच टाक्यांकडं पाठ करून धारेला बसला.