बसवंतरावांच्या दुकानापुढची गॅप

परभणीत सिद्धोधन इंजिनिअरचं नाव निघालं की लोक आधी हसतात आणि मग जरा गप्प होतात. हसतात ते त्याच्या सायकलवाटेला. गप्प का होतात, ते सांगायला एक कप चहा पुरतो.

माणूस तसा अर्धा येडाच. बाजाराच्या रस्त्यावर सायकलींसाठी वेगळी वाट करा, असा कागद वरून आला तेव्हा कचेरीतल्या बाकीच्यांनी त्याच्यावर पेपरवेट ठेवला. यानं तो घरी नेला. मग तीन महिने हा पठ्ठ्या सकाळ-संध्याकाळ चौकात उभा राहून सायकली मोजत होता. शाळेच्या पोरी, दूधवाले, बांधकामावर निघालेले गवंडी. त्याची बायको रेणुका म्हणायची, लग्नाआधी आमच्या गल्लीत एवढं उभं राहिला असता तर मलाही बरं वाटलं असतं.

पण नकाशा काढला तो झकास. नुसता पांढरा पट्टा मारला तर तासाभरात त्याच्यावर केळीचा गाडा येऊन उभा राहतो, हे त्याला पाठ होतं. म्हणून सहा फुटांची वाट, आणि ती न् गाड्या यांच्या मधे गुडघ्याएवढा सिमेंटचा कट्टा. कट्टा तुटणार फक्त तीन ठिकाणी, जिथं गल्ल्या रस्त्याला मिळतात. तिथंही वाट थोडी उचललेली, म्हणजे वळणाऱ्या गाडीला चढावं लागेल आणि ती आपसूक हळू होईल.

हा सगळा आटापिटा कुणासाठी, ते सगळ्यांना ठाऊक होतं. त्याचे वडील सूर्यभान गुरुजी. वय चौऱ्याहत्तर, आणि रोज सकाळी सायकलवरून बसवंतरावांच्या कापडदुकानात पेपर वाचायला जाणार. ट्रकच्या हॉर्ननं दोनदा नालीत गेले होते, तरी रिक्षात बसायला तयार नाहीत.

आता या दोन म्हाताऱ्यांची एक जुनी भानगड. गुरुजींनी नोकरीत कधी कुणाची भीड धरली नाही. बसवंतरावांच्या पोराला, शंभुराजला, त्यांनी सातवीत खुशाल नापास केलं. बसवंतराव एका शब्दानं बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा चहा मागवला. बोलले असते तर बरं झालं असतं. तो चहा गुरुजींच्या घशात वीस वर्षं अडकून राहिला.

कट्ट्यासाठी रस्त्यावर चुन्याची रेघ पडली त्या दिवशी बसवंतरावांनी सिद्धोधनला काही म्हटलं नाही. गुरुजींच्या देखत एक सुस्कारा सोडला, एवढंच. लग्नाच्या बस्त्याला येणारं गिऱ्हाईक मोटरसायकलवर येतं, आता ते कट्टा बघूनच पुढच्या गल्लीत जाईल, असं पंख्याकडं बघत म्हणाले. कापडवाल्याचा सुस्कारासुद्धा मापात असतो.

दुपारी जेवताना गुरुजी म्हणाले, "बसवंतअप्पाच्या दुकानापुढं तेवढी एक गॅप ठेव. तुला आजवर काही मागितलं न्हाई."

सिद्धोधनच्या ओठावर ‘नाही’ आलं होतं. त्यानं भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाला, "बघू."

आपल्याकडं इंजिनिअर बघू म्हणाला की सही झाली असं समजतात. दुसऱ्या दिवशी त्यानं आपल्याच बुटानं आठ फूट रेघ पुसली.

मग मोबाईलवाला महारुद्र आला. गुरुजींच्या दोस्ताला गॅप, मग आमी काय सावत्र, असं त्यानं हसत हसत विचारलं. त्याला काय उत्तर देणार? त्याच्या मागं औषधवाला, त्याच्या मागं मिठाईवाला. सिमेंट घट्ट होईस्तोवर तीनाच्या एकोणीस गॅप झाल्या होत्या. रेणुका म्हणाली, तुमच्या कट्ट्याचे दात पडायलेत.

गुरुजी मात्र खूश. त्या वाटेवरून घंटी वाजवत जायचे आणि ओळखीच्याला थांबवून सांगायचे, माझ्या लेकानं केलीय.

चार महिन्यांनी, लग्नसराईत, सकाळी दहाच्या सुमाराला एक मोटरसायकल बस्त्यासाठी बसवंतरावांच्या गॅपमधून आत वळली. तिथं वाट उचललेली नव्हती, नकाशात ती गॅपच नव्हती, मग उचलणार कोण? गाडी हळू झाली नाही. गुरुजी घंटी वाजवत होते.

खुब्याचं हाड मोडलं. गाव म्हणालं, पोरानं बापासाठी रस्ता बांधला आणि बाप त्याच्यावरच पडला. गावाला असलं वाक्य सापडलं की आठवडाभर पुरतं.

बसवंतराव ऐन सराईत आठ दिवस दुकान बंद ठेवून दवाखान्यात बसून होते. नवव्या दिवशी कचेरीत आले, खुर्चीवर बसलेसुद्धा नाहीत.

"सिद्धू, ती गॅप बुजव."

सिद्धोधननं बुजवली. मग तो महारुद्रकडं गेला, औषधवाल्याकडं गेला, सगळ्यांच्या पायऱ्या चढला. सगळ्यांनी गुरुजींच्या तब्येतीची मनापासून चौकशी केली, चहा पाजला, आणि सगळे म्हणाले, "बघू."

हाड जुळलं, पण डॉक्टरांनी सायकल बंद केली. पेपर मात्र गुरुजींना बसवंतरावांकडंच वाचायचा होता. सिद्धोधननं त्यांना रिक्षातून आणलं. वॉकर धरून ते कट्ट्यापाशी उभे राहिले. जुना कट्टा काळवंडलेला, मधला आठ फुटांचा तुकडा तेवढा नवा.

"तवाच न्हाई म्हनला असतास," ते म्हणाले, "तर मी दोन दिवस रुसलो असतो. बस."

नव्या तुकड्यातून सरळ पलीकडं जाता येत नव्हतं, आणि बसवंतराव दुकानाच्या दारात उभे होते. सिद्धोधननं वडिलांचा दंड धरला आणि त्यांना हळूहळू महारुद्रच्या गॅपमधून वळसा घालून आत नेलं.