डावीकडे, आई

आमच्या विनीता वहिनींचा हट्ट हिंदी मुलखातल्या आमच्या सगळ्या नेपियर टाउनला ठाऊक आहे: घरात हिंदी चालणार नाही. शाळेत नोकरीभर त्यांनी हिंदीतूनच गणित शिकवलं, भाजीवाल्याशीही फर्डी हिंदी बोलतात, पण उंबरठ्याच्या आत त्यांच्या मुलीने, प्रणोतीने, हिंदीत पाणी मागितलं तर ते मिळायचं नाही. परिणाम एवढाच झाला की पोरगी घरात बोलेनाशी झाली. मला याचा संताप यायचा. पण मी पडलो धाकटा दीर, वहिनींपुढे तोंड उघडायची माझी टाप नव्हती.

निवृत्त झाल्यावर त्यांनी जवळच्या कांचघर भागातल्या वेल्डरकडून दोन बिछाने आणि ओटा मावेल असा ट्रेलर बनवून घेतला, गाडीमागे जोडला आणि थेट लाहौलच्या उंच डोंगरांत निघाल्या. चालवणार त्याच, आणि ट्रेलर म्हणजे घरच, म्हणून वाटेतही मराठीच. प्रणोती आणि मी सोबतीला.

लाहौलच्या एका अरुंद चढावर समोरून बस आली, तिच्यामागे ट्रकांची रांग. मागे जाणं आम्हालाच भाग होतं. थोडं मागे उजवीकडे, डोंगराच्या बाजूला, रस्ता रुंद होता. डावीकडे दरी. ट्रेलरमुळे वहिनींना आरशात मागचं दिसेना, म्हणून प्रणोती उतरून मागे गेली. वहिनींनी काच खाली केली आणि रिव्हर्स टाकला.

"डावीकडे, आई," मागून आवाज आला.

डावीकडे तर दरी होती. पण पाहणारी तीच, आम्ही दोघं आंधळे. वहिनींनी ट्रेलर डावीकडे वळवला. आवाज चढला, "डावीकडे, डावीकडे!" वहिनींनी आणखी वळवला. कडेचे दगड घरंगळले, ट्रेलर कलला आणि आवाज एकदम थांबला.

वहिनींनी ब्रेक दाबून धरला. "प्रणू?" उत्तर नाही. मी खिडकीतून वाकून पाहिलं. ट्रेलरचं चाक अर्धं रस्त्याबाहेर आलं होतं. प्रणोती दिसत नव्हती. वहिनींचा पाय ब्रेकवर रुतला होता. तो जरा सैल पडला असता तर ट्रेलर पोरीसकट खाली गेला असता.

मग मागून रडका आवाज आला, "डावीकडे घे ना, आई..."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. "वहिनी, ती दायें, म्हणजे उजवीकडे, म्हणून राहिली. तिला डावं म्हणजे दायाँ वाटते."

वहिनींनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"बेटा, हिंदी में बोल।"

"आगे लो, मम्मी। मैं पीछे फँसी हूँ। थोड़ा आगे, फिर दायें।"

वहिनींनी गाडी वीतभर पुढे घेतली, अजून वीतभर, आणि प्रणोती ट्रेलर आणि दरीच्या कडेमधल्या फटीतून सरपटत रस्त्यावर आली. मग तिच्याच हिंदीवर ट्रेलर डोंगराला टेकला. बस गेली, ट्रक गेले.

प्रणोती गाडीत येऊन बसली. गुडघे सोलवटले होते. वहिनी काही बोलायच्या आतच ती घाबरीघुबरी होऊन म्हणाली, "मैं तो मराठी में ही बोल रही थी, मम्मी।"

वहिनींनी तिला छातीशी धरलं आणि त्या हमसून रडल्या.